वात्रट भावंडं आणि काळा विनोद: पोराच्या हातात आधी कुठलं पुस्तक द्यायचं?

आठ-नऊ वर्षांचं झालं की काही पोरांना गोड गोड गोष्टींचा कंटाळा येतो. शेवटी सगळे शहाणे होतात आणि मिठी मारतात वगैरे ऐकलं की ती सरळ उठून जातात. त्यांना आगाऊ भावंडं हवी असतात, दुष्ट मोठी माणसं हवी असतात आणि कुणाची तरी मस्त जिरलेली हवी असते. अशा पुस्तकांची यादी मागितली की लोक चार-पाच नावं एका दमात सांगतात, पण ती नावं एकमेकांपासून इतकी लांबची आहेत की चुकीचं हातात पडलं तर पोर एक तर घाबरतं नाहीतर जांभया देतं. म्हणून वय वगैरे बघण्याआधी मी एकच गोष्ट बघते: या गोष्टीत द्वाड कोण आहे, पोरं की मोठी माणसं? बाकीचं बरंचसं त्यावरून कळतं.

सगळ्यात आधी नाव येतं ते लेमनी स्निकेटच्या 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स'चं. लेमनी स्निकेट हे टोपणनाव आणि पुस्तकातलं पात्रसुद्धा, खरा लेखक डॅनियल हँडलर. १९९९ ते २००६ मध्ये १३ पुस्तकं आली, शेवटचं तर मुद्दाम १३ तारखेच्या शुक्रवारी काढलं. इथे लोकांचा एक मोठा गैरसमज असतो, की ह्या गोष्टीतली तीन बोदलेअर भावंडं खोडकर आहेत. अजिबात नाहीत! व्हायोलेट केस रिबिनीने वर बांधून यंत्रं जुळवत बसते, क्लाउस दिसेल ते पुस्तक वाचतो, तान्ही सनी दिसेल ते चावते, तिघंही इतकी गुणी की एखाद्या नातेवाइकाने कौतुकाने सांगावं. द्वाडपणा सगळा मोठ्यांकडे. पहिल्याच पुस्तकाच्या सुरुवातीला आईवडील आगीत जातात, पैशांवर डोळा ठेवून काउंट ओलाफ पालक बनतो, आणि व्हायोलेटने ऐकावं म्हणून तान्ह्या सनीला पिंजऱ्यात घालून बुरुजावरून लटकवतो. हे वाचताना हसू कसं येतं? तर निवेदकामुळे. तो सारखा बजावत असतो की पुस्तक ठेवा बाजूला, दुसरं काहीतरी आनंदी वाचा, मग एखादा अवघड शब्द घेऊन त्याचा असा काही अर्थ सांगतो की तो फक्त त्याच प्रसंगाला लागू पडावा, आणि असं भलतंच बडबडत तो आपल्याला भीतीपासून हातभर लांब ठेवतो. ज्या पोराला हा आवाज आवडला ते १३ पुस्तकांचा फडशा पाडतं. ज्याला आवडला नाही त्याला फक्त हाल दिसतात, मग वाचायला लावण्यात काही अर्थ नाही.

अजून दोन गोष्टी आधीच सांगते. दुसऱ्या पुस्तकापासून काही काळ साचा तोच राहतो, नवीन पालक, ओलाफ नवीन वेषात, पोरं ओरडून सांगतायत की हाच तो आणि एकही मोठा माणूस विश्वास ठेवत नाही. काही मुलांना ह्याच गोष्टीचं भयंकर हसू येतं (मोठे कधी ऐकत नाहीत हा त्यांचा रोजचा अनुभव!), काहींना तिसऱ्या-चौथ्या पुस्तकात कंटाळा येतो, त्यांना सांगा की सातव्यापासून गाडी रूळ बदलते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दुसऱ्या पुस्तकात एक अतिशय प्रेमळ माणूस येतो, पोरांना वाटतं आता सुटलो, आणि तो मारला जातो. हळवं पोर असेल तर तेवढा भाग सोबत बसून वाचा. आणि शेवटच्या पुस्तकात सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत, हे पण ज्याला सगळं नीट बांधून हवं असतं त्याला आधी सांगून ठेवलेलं बरं.

आता 'द विलोबीज'. लेखिका लोइस लोरी, वर्ष २००८, चित्रंही तिनेच काढलीत. 'द गिव्हर'सारखं गंभीर पुस्तक लिहून न्यूबेरी मेडल (अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार) मिळवणारी बाई असलं चावट काही लिहील असं वाटत नाही, पण लिहिलंय आणि काय लिहिलंय! इथे दोन्ही बाजू द्वाड आहेत. आईवडिलांना पोरं नकोशी झालीत, पोरांना आईवडील नकोसे झालेत, कारण जुन्या पुस्तकातली गुणी मुलं नेहमी अनाथ असतात तर आपणही अनाथ व्हायला हवं असं त्यांचं लॉजिक. मग पोरं आईबापांना धोकादायक सहलीवर पाठवायचा घाट घालतात आणि आईबाप सहलीला निघून मागे पोरं राहत असलेलं घरच विकायला काढतात. हे सगळं इतक्या सभ्य, इस्त्री केलेल्या भाषेत येतं की पहिल्यांदा वाचताना आपण थबकतो, अरे आत्ता काय म्हणाली ही?

भावंडांचं नातं मात्र मला स्निकेटपेक्षा इथे जास्त खरं वाटतं. मोठा टिम दादागिरी करतो, त्याने स्वतःच बनवलेल्या नियमांनी बाकीच्यांचे पॉइंट कापत बसतो, आणि नियम कधी बदलायचे हेही त्याच्याच हातात. जुळ्यांची नावं बार्नबी ए आणि बार्नबी बी. त्या दोघांत मिळून एकच स्वेटर, आळीपाळीने घालायचा. धाकट्या जेनला तर कुणी मोजतच नाही. घरात भावंडं असलेल्या पोराला ह्यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. बोदलेअर भावंडं एकमेकांशी जवळपास भांडतच नाहीत, तिथे शत्रू बाहेर आहे, इथे अर्धा शत्रू घरातच बसलाय.

तोटा काय, तर ही जुन्या बालसाहित्याची टिंगल आहे, आणि ज्याने अनाथ मुलांच्या आणि कडक नॅनींच्या त्या जुन्या गोष्टी वाचल्याच नाहीत त्याचे काही जोक डोक्यावरून जातात. शेवटी लेखिकेने त्या पुस्तकांची खट्याळ यादी दिलीय आणि कठीण शब्दांचे तितकेच खट्याळ अर्थ, ते पोरं वेगळं काढून मोठ्याने वाचतात. पुस्तक एकच आणि छोटं, शेवटही बऱ्यापैकी गोड. म्हणजे नाही आवडलं तर नुकसान कमी. पुढचा भाग २०२० मध्ये आलाय पण त्याची घाई नाही. २०२० चाच नेटफ्लिक्सचा ॲनिमेशनपट आहे, रंगीत आणि भन्नाट वेगाचा, पण त्यात पुस्तकाचा कोरडेपणा उरत नाही, म्हणून पुस्तक आधी.

एक गंभीर अट दोन्हीला लागू. ज्या घरात आई किंवा वडील नुकतेच गेलेत किंवा मूल दत्तक आहे आणि त्याच्या मनात त्याबद्दल प्रश्न चालू आहेत, तिथे "आईबाप नसतील तर बरं" हा विनोद सहज पचेल असं समजू नका. कधीकधी तेच मूल सगळ्यात जास्त हसतं, हेही खरं. पण आधी स्वतः वाचा, मग द्या.

तिसरं नाव जर्मन, विल्हेल्म बुशचं 'माक्स उंड मोरित्स', १८६५ सालचं. ही दोघं सख्खी भावंडं नाहीत, जोडगोळी आहे, पण ह्या सगळ्या खानदानाचे आजोबा तेच, १८९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली हान्स आणि फ्रिट्झ ह्या भावांची कॉमिक स्ट्रिप सरळ ह्यांच्यावरूनच निघाली. यमक जुळवलेल्या ओळी, चित्रं आणि एकूण सात खोड्या. पहिलीच बघा: पावाचे तुकडे दोऱ्याला बांधून दोरे एकमेकांना आडवे गाठवायचे आणि विधवा बोल्टेबाईंच्या कोंबड्यांसमोर टाकायचे, त्या गिळतात, अडकतात, फडफडत झाडावर जाऊन लटकतात. पुढे मास्तरांच्या पाइपमध्ये बंदुकीची दारू भरतात. इथे द्वाड फक्त पोरं, आणि शिक्षाही पोरांनाच: शेवटी दोघं गिरणीत दळली जातात आणि त्यांचे दाणे बदकं खातात. गावात कुणाला वाईट वाटत नाही! सहा वर्षांची मुलं ह्यावर खदाखदा हसतात आणि शेजारी बसलेले मोठे अस्वस्थ होतात असं होऊ शकतं. वाचायला पाव तास पुरतो. फक्त भाषांतर यमकातलंच शोधा, गद्यात सगळी मजा जाते आणि नुसती क्रूरता उरते.

'नर्स मटिल्डा' (१९६४) थोडक्यात सांगते, कारण ते मूळात काळं नाहीच, राखाडी म्हणू. क्रिस्टियाना ब्रँड रहस्यकथा लिहायची, चित्रं तिच्या नात्यातल्या एडवर्ड आर्डिझोनची. ब्राउन कुटुंबातली पोरं इतकी की मोजदाद लागत नाही, आणि प्रत्येकाचा उच्छाद वेगळा. पोरं सांभाळायला कुरूप दाई, म्हणजे नर्स मटिल्डा, येते, काठी आपटते, आणि जे पोर जी खोडी करत असेल ती त्याला थांबवताच येत नाही, खाणाऱ्याला खातच राहावं लागतं. झोपताना मोठ्याने वाचायला ह्याच्यासारखं दुसरं नाही. २००५ चा 'नॅनी मॅकफी' ह्यावरूनच बेतलाय, एमा थॉम्प्सनने स्वतः पटकथा लिहून कामही केलंय. ह्यातली पोरं शेवटी सुधारतात, त्यामुळे "गोड नको" म्हणणाऱ्याला हे चालेलच असं नाही.

आणि सहा-सात वर्षांचं पोर नुकतं स्वतःचं स्वतः वाचायला लागलं असेल तर ह्या कशातच पडू नका, 'हॉरिड हेन्री' घ्या, छोट्या गोष्टी, टोनी रॉसची चित्रं, आदर्श धाकट्या भावाचा मोठ्या भावाने केलेला छळ, आणि कुणी मरत नाही.

माझं मत विचाराल तर नऊच्या आसपासच्या पोराला आधी विलोबीज. स्निकेटकडे थेट गेलात तर तो निवेदक आवडतोय का हे कळायच्या आत एक मोठं दुःख समोर येतं. विलोबीजमध्ये तोच कोरडा स्वर हलक्या हाताने कानावर पडतो, पोर हसलं तर लगेच स्निकेटचं पहिलं पुस्तक द्या, सगळा संच नको, एकच. गप्प बसलं आणि "पण त्यांचे आईबाबा असं का करतात" विचारायला लागलं तर स्निकेट वर्षभर लांब ठेवा आणि 'नर्स मटिल्डा' काढा. उलट पोर आधीच जाड पुस्तकं वाचणारं, कोडी सोडवणारं, मोठ्यांच्या चुका पकडणारं असेल तर मधली पायरी लागत नाही, स्निकेटच द्या, आणि सहाव्या पुस्तकाच्या सुमाराला ते तुमच्याकडे ओलाफचा माणूस असल्याच्या संशयाने बघायला लागलं तर घाबरू नका.