दाण्याच्या लोण्याची सँडविच बिस्किटं: बरणीतलं लोणी की घरी वाटलेलं?

पीनट बटरची सँडविच बिस्किटं घरी करायची म्हटली की आधी सारणाचं ठरवावं लागतं. पीठ कोणतं, गूळ की साखर, तूप किती, हे सगळं त्यानंतर. गेली दोन वर्षं साधारण दर पंधरा दिवसांनी मी ही बिस्किटं करतोय. मुलीच्या मधल्या सुट्टीच्या डब्यासाठी आणि आईच्या दुपारच्या चहाबरोबर. एवढ्या काळात तीन प्रकारचं लोणी वापरून झालं: बरणीतलं घट्ट, गुळगुळीत, कधीही न फुटणारं, म्हणजे तेल वेगळं न होणारं; बरणीतलंच, पण नुसत्या दाण्यांचं, 'नॅचरल' म्हणून मिळणारं; आणि घरी मिक्सरवर वाटलेलं. तुम्ही यांपैकी काय घ्यावं या विचारात असाल, तर माझा अनुभव असा.

आधी न फुटणाऱ्या लोण्याबद्दल, कारण त्याचे गुण नाकारता येत नाहीत. बिस्किटावर लावलं की जागच्या जागी राहतं, कडेने ओघळत नाही, आठवडाभर डब्यात तसंच. याचं कारण लेबलावरच असतं. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, आणि वाटल्यावर ते मोकळं होऊन वर येऊ पाहतं. ते धरून ठेवायला या लोण्यात थोडा घट्ट स्निग्ध पदार्थ घालतात, बहुतेक वेळा हायड्रोजनेटेड वनस्पती तेल किंवा पाम तेल. शिवाय साखर आणि मीठ. हायड्रोजनेटेड म्हटल्यावर घाबरून जायचं कारण पूर्वीइतकं नाही. भीती असते ती तेल असं घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक ट्रान्स फॅटची, आणि तेल-तुपातल्या या कृत्रिम ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. पण साखर आणि वरचं तेल टाळायचं म्हणूनच तर आपण घरी भट्टी लावतोय. तीच दोन्ही सारणातून परत आत येणार असतील तर मला ते पटत नाही. चवीचंही तसंच. कोणतीही बरणी उघडा, दाणा एकाच बेताचा भाजलेला लागतो, जिभेवर आधी गोड येतं आणि दाणा मागून. अमेरिकेत नॅबिस्कोने नटर बटर हे या जातीचं बिस्किट १९६९ मध्ये आणलं. दुकानात महिनोन्महिने टिकायच्या बिस्किटाला घट्ट सारण लागणारच. आपल्याला पाच दिवस टिकलं तरी पुष्कळ झालं.

म्हणून मी 'नॅचरल'कडे वळलो. लेबलावर एकच शब्द, शेंगदाणे. मनाला अगदी पटलेली गोष्ट. आणि जवळजवळ वर्षभर मी तीच वापरली, हेही सांगतो, कारण खाण्यात ती वाईट नाही. भाकरीला लावा, केळ्याबरोबर खा, उत्तम. सँडविच बिस्किटात मात्र तिने मला फार छळलं, आणि तो छळ तेलाचा होता.

रविवारी बिस्किटं भरली की त्या दिवशी ती सुरेख दिसतात. सोमवारी खालच्या बिस्किटाचा रंग थोडा गडद झालेला. बुधवारी डबा उघडला की तळाशी घातलेला कागद आरपार दिसण्याइतका तेलकट, खालचं बिस्किट जड आणि ओलसर, वरचं कोरडं. चावायला गेलं की वरची चकती सरकून पुढे येते आणि सारण बोटांना. एकदा तर डब्याच्या झाकणातून तेल झिरपून मुलीच्या इतिहासाच्या वहीची कड पिवळी झाली. ती काही बोलली नाही, पण पुढच्या आठवड्यात तिने डबा दप्तरात न ठेवता हातात नेला. मला ते लागलं.

उपाय सगळे करून पाहिले. बरणी उलटी ठेवून तेल खाली मुरवलं, नीट ढवळून घेतलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. वरचं तेल ओतून टाकलं तर खाली उरलेलं इतकं घट्ट झालं की लावताना बिस्किट मोडायचं. चमचाभर मध घातला तर सारण एकदम आळतं, हे खरं आहे, पण मधातलं पाणी हळूहळू बिस्किटात उतरतं आणि बिस्किट मऊ पडतं. फ्रिजमध्ये ठेवलेली बिस्किटं चांगली राहायची, पण मधली सुट्टी काही फ्रिजमध्ये होत नाही. 'नॅचरल' बरणीतलं लोणी इतकं बारीक वाटलेलं असतं की ते धारेने पडतं. तेल पूर्ण मोकळं झालेलं, आणि शेजारी त्याला शोषून घ्यायला कोरडं, तुपाने आधीच खुसखुशीत झालेलं बिस्किट. ते झिरपणारच.

घरी वाटायला मी लागलो तो याच कारणाने, आणि सुचलं ते आईमुळे. आम्ही मूळचे सोलापूरचे. तिकडची शेंगाचटणी ज्यांनी उखळात कुटताना पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. दाणे, तिखट, लसूण, मीठ, जिरं कुटत राहायचं. आधी भरभरीत, मग ओलसर, मग चटणी मुठीत धरली की मुटका वळतो आणि बोटांना तेल लागतं. तिथे थांबायचं. आणखी कुटलं तर लगदा होतो. आई म्हणाली, "तेल सुटायला लागलं की हात आवरायचा असतो, तू पार सुटू देतोस." 'नॅचरल' बरणीच्या लोण्यात तो हात आवरलेला नसतो, एवढाच फरक.

तर घरची पद्धत. दाणे मंद आचेवर, सतत हलवत, साधारण पंधरा-अठरा मिनिटं. एक दाणा मधोमध फोडून पाहायचा. आतून फिकट बदामी झाला की बस. मी बारीक, गोलसर घुंगरू दाणा आणतो. माझ्या अनुभवात तो चवीला गोड असतो आणि जाड्या दाण्यापेक्षा लवकर तेल सोडतो. भाजण्याआधी ताटात पसरून निवडून घ्या. सुरकुतलेला, काळसर, बुरशीचा वास येणारा दाणा काढून टाका. एक कडू दाणा सगळ्या घाण्याची चव बिघडवतो, आणि बुरशीचं विष भाजल्याने पुरतं जात नाही. सालं चोळून पाखडून टाकायची. मग दाणे कोमट असतानाच मिक्सरला. पूर्ण गार झालेले दाणे तेल सोडायला फार वेळ घेतात.

लहान भांड्यात दीड वाटीपेक्षा जास्त घेऊ नका. अर्धा मिनिट फिरवलं की कूट. त्यातलं दोन मोठे चमचे बाजूला काढून ठेवा. कडा खरवडून पुन्हा फिरवलं की ते कूट भांड्याच्या कडेला चिकटून बसतं, पात्याखाली पोकळी होते आणि नुसताच आवाज येतो. इथे धीर सुटतो. पण आणखी दोनदा खरवडा. मग एका क्षणी त्याचा गोळा होतो, आणि गोळ्यावर चकाकी येते. मी तिथे थांबतो. चमच्यावर घेतलं तर पडू नये, आणि चिमटीत चोळलं तर अजून बारीक रवा लागावा. मग त्यात बाजूला काढलेलं कोरडं कूट, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम लोण्याला दोन मोठे चमचे, हातानेच कालवायचं. सुटलेलं थोडं तेल हे कूट पिऊन टाकतं. या सारणाने डब्यातला कागद मला पाचव्या दिवशीही कोरडा मिळाला. एकदा नव्हे, आता दहा-बारा घाणे झाले असतील. मी तराजू घेऊन तेल मोजलेलं नाही, पण कागद रोज पाहतो.

घरच्या पद्धतीचे त्रास आहेत, ते लपवत नाही. मिक्सर तापतो. मिनिटभर चालवून दोन मिनिटं बंद ठेवावा लागतो. घाई केली तर तो स्वतःच बंद पडतो आणि तळाचं लाल बटण दाबून थांबावं लागतं. भांडं आणि पातं धुणं हे वेगळं काम. भाजणं, सोलणं, वाटणं धरून पाऊण तास जातो. टिकण्यातही बरणीची बरोबरी नाही. फ्रिजमध्ये तीन आठवडे मी निर्धास्त वापरतो, पुढे वास घेऊन. पैशाच्या बाजूने मात्र घरचंच जिंकतं: किलोभर दाण्यांचं साल आणि ओल वजा जाता नऊशे ग्रॅमच्या आसपास लोणी हाती येतं.

आता पिठाबद्दल थोडक्यात. नुसत्या कणकेची बिस्किटं सर्वांत सोपी, न मोडणारी, पण थोडी कडक. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून मला ती मनापासून हवी होती. अडचण अशी की कच्ची चकतीही तपकिरी आणि भाजलेलीही तपकिरी. कड लालसर झाली की काढायचं, ही खूण नाचणीत चालत नाही. वासावर काढली तर दोनदा उशीर झाला. मी नाचणी आता वाटीला दोन चमचे एवढीच घालतो. ज्वारी मला सगळ्यांत आवडली. मंगळवेढ्याची मालदांडी ताजी दळून आणली तर तिची जी मंद गोडी असते ती दाण्याशी फार छान जमते. पण तिला चिकटपणा कमी, नुसत्या ज्वारीची चकती सारण दाबताना तडकते. तीन भाग ज्वारी आणि दोन भाग कणीक, आणि भिजवताना दूध गरम. पिठाची विरी गेली की भाकरीला गरम पाणी घालतात, त्यातलाच प्रकार.

गोडासाठी गूळ, साखर आणि खजूर तिन्ही झाले. आईला मधुमेह आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो: गूळ म्हणजे औषध नव्हे, रक्तातल्या साखरेला तो साखरेसारखाच. मी गूळ वापरतो तो चवीसाठी आणि त्याच्या किंचित आंबटपणाने सोडा चांगला काम करतो म्हणून. फायदा करायचा तर प्रमाण कमी करून करायचा. खजुराची मला फार आशा होती, पण त्याची ओल सारणातून बिस्किटात जाते आणि दुसऱ्या दिवशी बिस्किट सादळल्यासारखं होतं. लगेच खाणार असाल तर खजूर जरूर घ्या. डब्यासाठी सारणात पाण्याचा अंश नसलेलाच बरा, म्हणून तिथेही कोरडी गूळ पावडर, चाळून.

माझं सध्याचं प्रमाण असं, वीस जोड्यांसाठी: ज्वारी १२० ग्रॅम, कणीक ८० ग्रॅम, साजूक तूप ८० ग्रॅम, दाण्याचं लोणी १०० ग्रॅम, गूळ पावडर ९० ग्रॅम, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ, दोन-तीन चमचे गरम दूध. तूप आणि गूळ आधी फेसून घ्यायचं, मग लोणी, मग पीठ. लाटून लहान झाकणाने गोल कापा, जाडी पाच मिलिमीटरच्या आत. जाड झाली तर जोडी तोंडात मावत नाही. ओटीजी १७० अंशांवर आधी तापवून तेरा-चौदा मिनिटं. बाहेर काढल्यावर ती मऊच लागतात, गार झाली की घट्ट होतात. मऊ आहेत म्हणून परत आत ढकलू नका. सारणाला १६० ग्रॅम लोणी, दोन चमचे म्हणजे २५ ग्रॅम कूट, ३० ग्रॅम गूळ पावडर. माझ्या हिशेबाने एक जोडी पावणेदोनशे कॅलरीच्या घरात जाते. हलकं खाणं म्हणता येणार नाही, पण मुलगी एकीवर थांबते. विकतच्या पुड्याबरोबर तसं होत नसे.

ज्यांच्याकडे वेळ अजिबात नाही आणि बिस्किटं त्याच संध्याकाळी पाहुण्यांत संपणार आहेत, त्यांनी 'नॅचरल' बरणी खुशाल घ्यावी. तेल झिरपायला अवधीच मिळणार नाही. वर तरंगणारं तेल मात्र ओतू नका, कणीक भिजवताना वापरा. न फुटणारं लोणी मी लांबच्या प्रवासासाठी समजू शकतो. रोजच्या डब्यासाठी मला विचाराल तर मी घरचंच सांगेन, पाऊण तास धरूनसुद्धा. शाळेच्या डब्यात देणार असाल तर एक गोष्ट आधी करा: वर्गातल्या कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते बाईंना विचारून घ्या. मुलं डबे वाटून खातात, आणि काही मुलांना दाण्याचा कणही जिवावर बेततो.

भरण्याची वेळ हा शेवटचा मुद्दा. सगळ्या जोड्या रविवारीच भरायची सवय मी सोडली. चकत्या पूर्ण गार करून स्टीलच्या डब्यात, सारण फ्रिजमध्ये वेगळं. सकाळी पोहे परतता परतता चार चकत्या काढायच्या, सारणाची सुपारीएवढी गोळी तळहातावर चपटी करून मधे ठेवायची आणि हलकेच दाबायची. कडेपर्यंत सारण आलं की थांबायचं.