मूल विशेष असेल तर ऑफर कुठली घ्यायची: कॅलिफोर्निया, टेक्सास की न्यू जर्सी?

अमेरिकेत दोन-तीन ऑफर हातात आल्या की आपण पगार, घरभाडं, शाळा आणि मुंबईचं विमान बघतो. मुलाला बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असेल, तर त्याआधी दोन प्रश्न विचारा. त्या राज्यात मूल सरकारी मदतीला पात्र ठरेल का? आणि पात्र ठरल्यावर सेवा कधी सुरू होईल? आम्ही टेक्सासला गेलो तेव्हा हे दोन्ही प्रश्न एकच समजत होतो. मेडिकेड म्हणजे सरकारी आरोग्य विमा, आणि त्याचा वेव्हर म्हणजे अशा व्यक्तीला घरी राहून मदत मिळावी म्हणून राज्याने चालवलेला खास कार्यक्रम. हा वेव्हर तर राज्याबाहेर नेताच येत नाही. घर हलवलं की पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहायचं.

कॅलिफोर्नियात 1969 च्या लँटरमन कायद्यामुळे पात्र माणसाला सेवा हक्काने मिळते. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, एपिलेप्सी हे चार गट, शिवाय बौद्धिक अक्षमतेच्या जवळच्या किंवा तशाच मदतीची गरज असणाऱ्या स्थितींचा पाचवा. अडचण वयाच्या 18 वर्षांआधी सुरू झालेली हवी, कायम राहणारी हवी आणि रोजच्या जगण्याच्या सात क्षेत्रांपैकी किमान तीन क्षेत्रांत ठळक हवी. नुसती अध्ययन अक्षमता चालत नाही. या सेवा रीजनल सेंटरं मिळवून देतात. अर्ज अशा 21 सेंटरांपैकी आपल्या भागातल्या सेंटरकडे करायचा. पात्रता ठरवताना पालकांचा पगार बघत नाहीत, व्हिसाही बघत नाहीत. एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र सेंटर आधी शाळा आणि आरोग्य विम्याकडे पाठवतं, तिथला नकार लेखी घेऊन या म्हणतं. त्यात महिने जातात.

टेक्सासमध्ये मोठे कार्यक्रम वेव्हरवर चालतात आणि त्यांची रांग असते, तिला तिथे इंटरेस्ट लिस्ट म्हणतात. एचसीएस या मुख्य वेव्हरसाठी लोक दहा वर्षांहून जास्त थांबलेले आहेत. त्यासाठी बुद्ध्यांक 69 किंवा कमी लागतो. ऑटिझमसारखी संबंधित स्थिती असेल तर 75 पर्यंत. ज्याचं मुख्य निदान बौद्धिक अक्षमता नसून अशी संबंधित स्थिती आहे, त्याच्यासाठी क्लास नावाचा वेगळा वेव्हर आहे. तिथे स्थिती 22 वर्षांआधीची हवी. दिलासा एवढाच की या वेव्हरसाठी पालकांचं उत्पन्न धरत नाहीत, मुलाचंच धरतात. नाव नोंदवताना पात्रता तपासत नाहीत, नंबर आल्यावर तपासतात. म्हणून तिथे पोचलात की पहिल्याच आठवड्यात, मूल दोन वर्षांचं असलं तरी, सगळ्या याद्यांत नाव घाला आणि पत्ता बदलला की लगेच कळवा.

न्यू जर्सीत रेष वयावर पडते. 21 वर्षांपर्यंत मुलांसाठीची चिल्ड्रन्स सिस्टीम ऑफ केअर ही यंत्रणा, त्यानंतर प्रौढांचा डीडीडी हा विभाग. डीडीडीला अक्षमता 22 आधीची लागते, तीन क्षेत्रांत ठळक अडचण लागते आणि मेडिकेड लागतंच. आपल्या लोकांची गाडी इथेच अडते. एच-वन बीवाल्याच्या मुलाला मिळणारा एच-फोर व्हिसा 21 व्या वर्षी संपतो, आणि ग्रीन कार्ड आलं तरी प्रौढांना मेडिकेडसाठी बहुतेक वेळा पाच वर्षं थांबावं लागतं. एडिसनमध्ये गणपतीला दोनशे ओळखीचे चेहरे भेटतील, पण हे गणित मूल 21 चं व्हायच्या आत मांडावं लागतं.

राज्य कुठलंही असो, निकाल बऱ्याचदा एका मुलाखतीवर फिरतो. मूल्यमापन करणारी बाई विचारते, "तो स्वतः आंघोळ करतो का?" आम्ही पटकन म्हणालो, "हो, करतो की!" शेजारी बसलेल्या आजीनेही मान डोलावली. खरं काय होतं? पाणी आम्ही बघून देतो, साबण हातात देतो, "आता डोकं, आता पाय" असं दाराबाहेरून सांगत राहतो, टॉवेल पुढे करतो. यातलं काहीच आमच्या तोंडून निघालं नाही, आणि अहवालात "स्वतंत्र" असं पडलं. आपल्या लेकराचं कौतुक करायची सवय लागलेली असते, त्यात चूक काहीच नाही. पण त्या तासाभरात तुम्ही करत असलेली प्रत्येक मदत मोजून सांगा. आदल्या आठवड्यात वहीत लिहून ठेवा.

माझं मत विचाराल तर, मूल लहान आहे आणि ग्रीन कार्ड लांब आहे, तर पगार थोडा कमी असला तरी कॅलिफोर्निया. तिथलं भाडं जड जातं हे मला माहीत आहे, तरीही. नागरिकत्व असेल आणि मूल विशीला टेकलं असेल, तर न्यू जर्सी चांगलं: डीडीडीच्या सपोर्ट्स प्रोग्राम या कार्यक्रमासाठी रांग नाही, ती जास्त मदत देणाऱ्या कम्युनिटी केअर प्रोग्रामसाठी आहे. टेक्सास त्यांनी घ्यावं ज्यांना दहा वर्षं स्वतःच्या खर्चाने थेरपी झेपेल.

भारतातून निघताना यूडीआयडी हे दिव्यांगत्वाचं सरकारी कार्ड घेतलंत तरी त्यावरच्या टक्क्यांना इथे किंमत नाही. आपल्याकडे सवलतींसाठी लागणारी 40 टक्क्यांची रेघ इथल्या नियमात बसत नाही. त्याच फाइलमधला जुना बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल मात्र सोन्यासारखा जपा. अडचण 18 किंवा 22 आधीची आहे, हे तोच दाखवतो. बालवाडीचं प्रगतिपुस्तक, स्पीच थेरपिस्टच्या नोंदी, डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि मूळ प्रत कुणालाही देऊ नका.