एक एप्रिलचा धाक दाखवून आमच्या गळ्यात सॉफ्टवेअर मारलं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. पंपाचे पार्ट टर्निंग करून देतो. मी आणि धाकटा भाऊ, भागीदारी फर्म, उलाढाल दीड कोटीच्या आसपास. हिशेबाचं सॉफ्टवेअर जुनं होतं, पण कधी अडलं नव्हतं.

मार्च २०२३ च्या शेवटी दुसऱ्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस आला. "दादा, एक एप्रिलपासून ऑडिट ट्रेल सक्तीचं. नोंद कुणी, कधी बदलली हे जपणारं सॉफ्टवेअर नसेल तर दंड बसतो. तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरची कंपनी तर आता गुंडाळायच्या बेतात आहे." मोबाईलवर अधिसूचना दाखवली. ती खरी होती, म्हणूनच मी फसलो. तो नियम कंपनी कायद्याखालचा, प्रायव्हेट लिमिटेड वगैरेंसाठी. भागीदारीला तो लागूच नाही, हे त्यानं मुद्दाम सांगितलं नाही. ई-इनव्हॉइसचीही, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या सक्तीचीही भीती घातली. तेव्हा त्याची उलाढालीची मर्यादा दहा कोटी होती, १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी झाली. आम्ही दोन्हींच्या कितीतरी खाली! सीए साहेबांचा फोन मार्चअखेरीला लागेना, आणि हा "सवलत आज संध्याकाळपर्यंतच" म्हणत समोर बसलेला. त्याच्या ग्राहकांच्या यादीत शेजारच्या दोन गाळेवाल्यांची नावं होती. नंतर विचारलं, तर दोघांनी नुसता डेमो बघितला होता. आणि आमच्या जुन्या सॉफ्टवेअरची कंपनी आजही चालू आहे.

तीन वर्षांचे ४२,००० रुपये एकदम दिले.

खरा घाव पुढं बसला. "जुना डेटा जसाच्या तसा आणून देतो" हे फक्त तोंडी होतं. प्रत्यक्षात आणल्या फक्त शिल्लक रकमा. कॉम्प्युटर स्लो आहे म्हणून त्यांच्या पोरानं तो फॉरमॅट केला, आणि पेन ड्राइव्हवरचा बॅकअप उघडेना. शिरोलीच्या एका फाउंड्रीकडून १,८४,००० येणं होतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढा एकच आकडा, कुठल्या बिलाचे किती याचा पत्ता नाही. जूनमध्ये तिथला अकाउंटंट म्हणाला, "बिल नंबर पाठवा, पेमेंट सोडतो." त्या रात्री आम्ही दोघं भाऊ चलनांच्या फायली जमिनीवर पसरून बसलो. कार्बनच्या प्रती फिकट पडलेल्या. एकीवर माझ्याच अक्षरात, "२ नग रिजेक्ट". त्याची डेबिट नोट, म्हणजे रिजेक्ट मालाचे पैसे कापल्याची चिठ्ठी, किती रुपयांची होती, ते त्या पुसलेल्या कॉम्प्युटरमध्येच गेलं.

हे सोडून दुसरं घ्यावं म्हटलं, तर डेटा बाहेर निघतो तो फक्त पीडीएफमध्ये. ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढत नाही. वर्गणी थांबली की लॉगिन बंद. जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची जबाबदारी मात्र आपली.

ग्राहक आयोगात जायचा विचार केला. वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला २०१९ च्या कायद्यात संरक्षण मिळणं अवघड, स्वतःच्या पोटापाण्यापुरता स्वयंरोजगार असेल तरच आशा.

म्हणून सांगतो, डेमोच्या वेळीच आपल्या एका पार्टीची बिलवार येणी त्यात चढवायला लावा आणि तिथंच एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखवायला सांगा. जुना डेटा किती वर्षांचा आणि बिलवार येणार का, हे कोटेशनवर लिहून सही घ्या. जुन्या कॉम्प्युटरला वर्षभर कुणाला हात लावू देऊ नका.

शिरोलीचे १,४६,००० आले. उरलेल्या ३८,००० ची बिलं भाऊ अजून रविवारी फायलीत शोधतो.