कळंब्याचं कमी विजेचं घर : उन्हाळ्यात पास, जिन्यावरच्या लूव्हरनं घात केला

जुलैत जिन्यात बादली ठेवायची वेळ आली तेव्हाच लिहायला घेतलेलं, पण डोकं एवढं तापलेलं की नुसत्या शिव्याच आल्या असत्या. आता कोल्हापूरजवळच्या कळंब्यातल्या या आमच्या घरात उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढून झालेत. भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटा), गच्चीवर इन्सुलेशन म्हणजे उष्णता अडवणारा थर, त्यावर पांढरी चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर), कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे, एसी नाही. एवढी ओळख पुरे, पुढं जातो.

जिन्याच्या डोक्यावर पूर्व-पश्चिम लूव्हर (तिरक्या पट्ट्यांचे झरोके) आहेत, गरम हवा तिथनं बाहेर आणि खालच्या खिडक्यांतनं गार हवा आत. पूर्वेचा झकास. पश्चिमेची फ्रेम ती बनवणाऱ्या फॅब्रिकेटर पठ्ठ्यानं उलटी बसवली, पट्ट्यांचा उतार घरात! त्यात ड्रॉइंगमधला दीड फुटाचा छज्जा साइटवर सहा इंचाचा झाला, ठेकेदारानं कुणाला विचारलंपण नाही. कोल्हापूरचा पाऊस सरळ पडतो का राव, पश्चिमेकडनं आडवा झोडपतो. ताबा देताना गच्चीवर पाणी तुंबवून दाखवलं, पण लूव्हरवर पाइप मारून बघायचं एकालाही सुचलं नाही. फॅब्रिकेटर ठेकेदाराकडं बोट दाखवतो, ठेकेदार म्हणतो सिलिकॉन मारा. अहो सिलिकॉन मारल्यावर पट्ट्या उघडायच्या कशा?

बरं, हेच लूव्हर एप्रिलमध्ये मला जाम आवडलेले, तेही सांगतो. संध्याकाळी पश्चिमेचं वारं सुटलं की सगळं उघडायचं, सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या-पडदे बंद. आई आधी कुरकुरली, "दिवसा खिडक्या लावून कोण बसतं रे?" मग एकदा दुपारी तीनला स्टुलावर चढून वरच्या खोलीच्या स्लॅबला हात लावून बघितला, साधा कोमट. शेजाऱ्यांचा स्लॅब रात्री दहालापण भाजत असतो. तेव्हापासनं वेळ झाली की आईच पडदे ओढते.

मेहुणा म्हणायचा इन्सुलेशनच्या पैशात स्प्लिट एसी आला असता. आला असता, पण बिल तू भरणार का? आमचं मे महिन्यातपण १०० युनिटच्या आत राहिलं, त्याच्या वर गेलं की युनिटचा दर किती उडी मारतो ते बिलाच्या मागं छापलेलं असतंय. जुना पंखा ७५ वॅट खायचा, हे ३० च्या आसपास. रिमोट मात्र कायम गादीखाली. सोलरवाला ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी सांगून गेला, पण एवढ्याशा बिलावर मी कशाला अडकू.

पावसाळ्यात वाऱ्याचा खेळ बंदच, बाहेरची हवाच ओली, कपडे वाळत नाहीत ते नाहीतच. मोझॅकवर शेवाळ धरलंय. पांढरं राहिलं तरच ऊन परतवणार, म्हणून थंडीत घासून घ्यायला लागणार, हा खर्च कुणी आधी सांगितला नव्हता.

आर्किटेक्टबाई स्वतः येऊन शिडीवर चढून बघून गेल्या, म्हणून त्यांच्यावर राग नाही. फॅब्रिकेटर दिवाळीआधी फ्रेम फिरवून देतो म्हणालाय, फक्त मजुरी कोणी द्यायची यावर अडलंय. मी तर एक रुपया देत नाही.