कर्नलमधली फट बुजवायची: अपडेट, लाइव्ह पॅच की स्वतः कंपाइल?

राळेगाव-वणीकडच्या एखाद्या जिनिंगचा वजनकाटा लिनक्सवर चालतोय आणि कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मेमरी-तपासणीची चूक निघाली, की घुसखोराला फट मिळते. ती बुजवायचे तीन रस्ते आहेत.

आधी चूक कशी असते ते पाहू. प्रोग्राम कर्नलला पत्ता देतो, ‘उत्तर इथे लिही’ म्हणतो. तो पत्ता प्रोग्रामच्या हद्दीतला आहे का, हे कर्नलनं बघायचं असतं. कर्नलच्या 4.13 आवृत्तीत वेटआयडी या सिस्टिम कॉलमधून (प्रोग्रामनं कर्नलकडे काम मागायची ठरलेली वाट) नेमकी हीच तपासणी सुटली. पत्ता थेट कर्नलच्या मेमरीचा दिला तरी कर्नल मुकाट्यानं तिथे लिहायचा. ऑक्टोबर 2017 मध्ये ‘अ‍ॅक्सेस ओके’ची तपासणी परत घातली. दुरुस्ती मोजक्या ओळींची होती.

मोजक्याच ओळी म्हणून पॅच (दुरुस्तीचा तुकडा) लावून स्वतः कर्नल कंपाइल करावासा, म्हणजे मूळ कोडपासून बनवावासा वाटतो. नका करू. वेळ जातो ते सोडा, पुढची प्रत्येक दुरुस्तीही तुमच्याच गळ्यात पडते.

लाइव्ह पॅचची सोय मूळ कर्नलमध्ये 2015 साली, 4.0 पासून आली. सदोष फंक्शनकडे जाणारी हाक तो चालत्या मशीनवरच नव्या फंक्शनकडे वळवतो, रीस्टार्ट लागत नाही. सीझनमध्ये फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग असताना हे भारीच वाटतं. पण दुरुस्ती फक्त मेमरीत असते. लाइट गेली, इन्व्हर्टर उतरला, की मशीन जुन्याच कर्नलवर उठतं आणि पॅच पुन्हा चढेपर्यंत फट उघडी. शिवाय पॅच ठरावीक कर्नलसाठीच निघतात. जिथं लाइटच मशीन रीस्टार्ट करते, तिथं रीस्टार्ट टाळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

म्हणून माझं मत साध्या अपडेटला. डेबियन, उबंटू ही लिनक्सची वितरणं दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात. तेव्हा आकडा जुना दिसला म्हणून घाबरू नका, पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) त्या चुकीचा सीव्हीई क्रमांक, म्हणजे तिचा जाहीर ओळख क्रमांक शोधा. काम रात्री काटा बंद झाल्यावर, बॅटरी भरलेली असताना करा. मध्येच लाइट गेली तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (dpkg --configure -a) या आज्ञेनं अर्धवट राहिलेलं पुरं होतं. रीस्टार्ट केल्याशिवाय नवा कर्नल लागू होत नाही, हे बरेच जण विसरतात. सीरियल पोर्टवरून वजन येईना झालं, तर मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत जुना कर्नल सहसा असतोच. तात्पुरता त्यावर काटा चालवा.

घाई किती? वेटआयडीसारख्या चुकीचा फायदा घ्यायला घुसखोराला मशीनवर आधी काही चालवता यावं लागतं. शाळेच्या लॅबमध्ये पन्नास पोरांचे लॉगिन असतील तर आजच करा. काट्यावर एकटा मुनीम बसत असेल, तर पेन ड्राइव्ह बंद ठेवून रविवारपर्यंत थांबलात तरी चालेल.