अनोळखी पिल्लं ओळखायला ब्रीडिंग बॉक्स: कोणता चालतो, कोणता नाही

वेगवेगळे मासे एकत्र असलेल्या कम्युनिटी टँकमध्ये काचेलगत काहीतरी बारीक वळवळताना दिसलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ब्रीडिंग बॉक्स, म्हणजे पिल्लं वेगळी ठेवायचा छोटा डबा, आणा आणि माशांची पिल्लं त्यात टाका. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. हे बॉक्स बहुतेक करून गप्पी-मॉलीची पिल्लं वाचवायला बनवलेले असतात. पिल्लं कोणाची हेच ठाऊक नसेल तर बॉक्सकडून वेगळं काम हवं असतं. पिल्लू बाजूने, सपाट आणि स्वच्छ भिंतीतून, रोज पाहता आलं पाहिजे. जाळीचा, टँकमध्ये तरंगणारा आणि टँकबाहेर टांगायचा, असे तीन प्रकार इथे याच कसोटीवर पाहिले आहेत.

त्याआधी एक गोष्ट. पिल्लं पकडण्यापूर्वी पाच मिनिटं नुसती पाहून घ्यावीत, कारण ओळखीची निम्मी माहिती ती टँकमध्ये कुठे आहेत यातच असते आणि बॉक्समध्ये गेली की ती पुसली जाते. वरच्या थरात झाडांच्या आडोशाला मोकळी पोहणारी पिल्लं बहुधा गप्पी, प्लॅटी, मॉली किंवा स्वोर्डटेलची. काचेला किंवा पानाला टाचणीसारखी चिकटून राहणारी, काचेच्या तुकड्याइतकी पारदर्शक असतील तर झेब्रा डॅनिओसारख्या अंडी विखुरणाऱ्या माशांची शक्यता. तळाच्या वाळूवर सरपटणारी कोरीडोरास या तळाशी राहणाऱ्या मिशीवाल्या माशाची. बुडबुड्यांच्या घरट्याखाली शेपूट खाली करून लोंबणारी बेटा किंवा गुरामीची. आणि एखादी जोडी कोपरा अडवून बाकी सगळ्यांना हाकलत असेल तर पिल्लं तिचीच. बॉक्सची गरजच नाही, आईबापांनी ओळखपत्र दाखवलेलं आहे.

आता जाळीचा बॉक्स. प्लॅस्टिकच्या चौकटीवर ताणलेली नायलॉनची जाळी, आतून काचेला अडकवायची. पिल्लं जिवंत ठेवायला हा चांगला, कारण पाणी चारही बाजूंनी खेळतं आणि तापमान टँकचंच राहतं. ओळखायला मात्र जवळजवळ निरुपयोगी. जाळीतून सात मिलिमीटरचं पिल्लू म्हणजे एक करडी रेघ दिसते. वरून पाहिलं तर पाठ दिसते, आणि पाठीवरून पिल्लू ओळखणं जाणकारालाही अवघड. शिवाय चौकट आणि जाळी यांच्यातल्या सांध्यात पिल्लं अडकतात, बाहेरचे मोठे मासे जाळीला टेकलेल्या शेपट्या ओढतात, आणि काही दिवसांत जाळीवर शेवाळ धरून पाणी खेळणं मंदावतं. जाळी मऊ ब्रशने टँकच्याच पाण्यात धुवावी. साबण लावू नये.

तरंगता पारदर्शक डबा, ज्याच्या आत इंग्रजी व्हीच्या आकाराची फटीची ताटली असते, तो गाभण मादीसाठी आहे. पिल्लं फटीतून खाली पडतात, मादी वर राहते. अचानक सापडलेल्या पिल्लांसाठी ताटली काढून ठेवा. उरतो एक लहान डबा, ज्यात पाणी फिरवायची सोय नाही. दोन दिवस तात्पुरता चालेल, पुढे नाही.

तिसरा प्रकार टँकच्या बाहेर टांगायचा, आणि ओळखीसाठी हाच घ्यावा. एक ते दोन लिटरचा पारदर्शक डबा काचेच्या कडेवर अडकवलेला असतो. एअर पंपाचे बुडबुडे एका उभ्या नळीत सोडले की नळीतला पाण्याचा स्तंभ हलका होतो आणि टँकचं पाणी वर चढून डब्यात पडतं. तिथून ते पुढच्या फटींच्या जाळीतून पुन्हा टँकमध्ये जातं. म्हणजे पाणी टँकचंच, पण पिल्लू तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर, सपाट भिंतीमागे आणि मोठ्या माशांपासून पूर्ण वेगळं.

बसवताना चार गोष्टी पाहाव्या लागतात. टँकच्या कडेला जाड प्लॅस्टिकची पट्टी असेल तर हुक बसतच नाही, म्हणून घेण्याआधी कडेची जाडी मोजा. डब्याच्या खालच्या बाजूला टेकू असतो, तो काचेला लावून डबा समपातळीत आणा. पुढे कललेला डबा फटींवर कचरा ओढतो. हवेच्या नळीत एकदिशा वाल्व हवाच, कारण पंप पाण्याच्या पातळीखाली असेल आणि वीज गेली तर पाणी उलट पंपात येतं. आणि हवा कमी-जास्त करायचा छोटा कॉकही लावा. कंपनीच्या चित्रात पाणी कारंज्यासारखं येताना दिसतं. इतका प्रवाह नवजात पिल्लांना थेट फटींवर दाबून धरतो. प्रवाह इतकाच ठेवा की पाण्यावर टाकलेला अन्नाचा चुरा रेंगाळत फटींकडे सरकेल.

या प्रकाराचा खरा दोष त्या फटींतच आहे. त्या गप्पीच्या पिल्लाच्या मापाने कापलेल्या असतात. डॅनिओचं नुकतंच फुटलेलं पिल्लू साधारण साडेतीन मिलिमीटर लांब आणि सुईइतकं बारीक. ते फटीतून सहज टँकमध्ये परत जातं आणि कोणाचा तरी नाश्ता होतं. म्हणजे ज्यांची ओळख पटवणं सर्वांत कठीण, नेमकी तीच पिल्लं हा बॉक्स गमावतो. बरेच जण यावर फटींवर कापड किंवा स्टॉकिंगचा तुकडा बांधतात. तो एका दिवसात अन्नाने तुंबतो, नळी मात्र पाणी आणतच राहते, आणि डबा काठावरून जमिनीवर सांडू लागतो. कापडापेक्षा फिल्टरच्या स्पंजची दोन सेंटिमीटर जाड पट्टी फटींच्या पूर्ण रुंदीएवढी कापून आतून दाटून बसवा. पृष्ठभाग मोठा असल्याने ती हळू तुंबते. दर दुसऱ्या दिवशी टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, आणि पिळण्याआधी तिच्यावर पिल्लं चिकटलेली नाहीत ना हे बघा. टँकमधलं पाणी बाष्पीभवनाने उतरलं तरी प्रवाह मंदावतो, कारण नळीला पाणी जास्त उंच चढवावं लागतं. डबा अचानक शांत वाटला तर पंप उघडण्याआधी टँकची पातळी बघा.

पिल्लं बॉक्समध्ये नेताना हातजाळी वापरू नका. नाजूक पिल्लं तिच्यात गुंडाळली जातात आणि पाण्याबाहेर आली की त्यांचे कल्ले मिटतात. पेला बुडवून पाण्यासकट घ्यावीत, चिकटून बसलेली मोठ्या तोंडाच्या पिपेटने. रात्री दिवे बंद करून एका कोपऱ्यात टॉर्च धरला तर बरीच पिल्लं उजेडाकडे जमतात.

नेताना एकदा नीट बघा की ते पिल्लूच आहे. सहा पाय आणि शेपटीला पानासारखी तीन टोकं असतील तर ती सुईचतुराची (डॅमसेलफ्लाय) अळी. बॉक्समध्ये गेली तर ती एकेक पिल्लू संपवते. झटके देत उड्या मारणारे पांढरे ठिपके बहुधा कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जलचर, निरुपद्रवी आणि उलट खाद्य.

आता बॉक्समधलं पाहणं. बाहेरच्या मागच्या भिंतीवर अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद चिकटवा. पारदर्शक पिल्लाची रूपरेषा काळ्यावर उठते आणि गडद पिल्लाचे ठिपके पांढऱ्यावर. पिल्लू पुढच्या भिंतीलगत आणण्यासाठी दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी उभी करून अरुंद गल्ली करा. बॉक्ससोबत येणारा दुभाजक आडवा बसतो, त्याचा इथे उपयोग नाही. मिलिमीटरची पट्टी भिंतीवर चिकटवली तरी मागे असलेलं पिल्लू लहान दिसतं, म्हणून माप पिल्लू काचेला टेकलेलं असतानाच घ्यावं. फोन भिंतीला समांतर, उजेड वरून, फ्लॅश बंद.

पहिली नजर पंखांवर टाका, रंगावर नाही. शेपटीचा, पाठीचा आणि पोटाखालचा पंख जन्मापासून सुटे सुटे दिसत असतील तर ते पिल्लं घालणाऱ्या माशाचं. पाठीपासून शेपटीला वळसा घालून पोटाखालपर्यंत एकच अखंड पातळ पडदा असेल तर ते अंड्यातून आलेलं. ही एक खूण पहिल्या काही दिवसांत जितकं सांगते, तितकं नंतर महिनाभर रंग पाहूनही कळत नाही. म्हणूनच पहिला फोटो सापडल्याच्या दिवशीच काढा.

पिल्लं घालणाऱ्यांत गप्पीचं पिल्लू सहा-सात मिलिमीटरचं, सडपातळ आणि फिकट. प्लॅटीचं थोडं जाड. मॉलीचं ठळक मोठं, सेंटिमीटरच्या आसपास, आणि बॉक्सच्या भिंतीवरचा थर टोचत बसणारं. टँकमध्ये फक्त माद्या आहेत म्हणून ही शक्यता खोडू नका. गप्पीची मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते आणि नराविना पुन्हा पुन्हा पिल्लं देते. अंडीवाल्यांत कोरीडोरासची पिल्लं बॉक्सच्या तळाला टेकून राहतात आणि लवकरच ओठाजवळ मिशा दिसू लागतात. अंगावरची नक्षी मात्र आईबापांशी जुळत नाही, तिकडे जाऊ नका. काचेला चिकटणाऱ्या ब्रिसलनोज माशाचं पिल्लू तर पिवळ्या बलकाच्या गोळीसकट भिंतीला तोंड लावून बसतं. बॉक्सची स्वच्छ भिंत त्याच्यासाठीच बनवल्यासारखी वाटते, खालून तोंडाची चकती स्पष्ट दिसते.

खाणंही साक्ष देतं. पिल्लं घालणाऱ्या माशांची पिल्लं पहिल्याच दिवशी बारीक चुरलेले फ्लेक आणि नुकत्याच फुटलेल्या ब्राइन श्रिम्प (आर्टेमिया) खातात. आर्टेमिया साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या असतात, आणि पारदर्शक पिल्लाच्या पोटात नारिंगी ठिपका दिसला की खाल्लं हे कळतं. डॅनिओच्या किंवा गुरामीच्या पिल्लांच्या तोंडात त्या सुरुवातीला मावत नाहीत. त्यांना पहिले काही दिवस इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, लागतात. नारिंगी पोट दिसत नसेल तर खाद्य वाढवू नका, तोंड लहान आहे असं समजा. दिवसातून तीन-चार वेळा चिमूटभर, आणि उरलेलं संध्याकाळी एअर नळीच्या सायफनने तळातून काढून टाका. दीड लिटरच्या डब्यात कुजलेलं अन्न एका रात्रीत घात करतं.

गप्पीचे नर-मादी साधारण महिन्याभरात वेगळे कळतात: नराच्या पोटाखालचा पंख काडीसारखा होतो. झेब्रा डॅनिओच्या पट्ट्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उमटू लागतात. तोवर बॉक्स पुरतो, पण वीसहून जास्त पिल्लं दीड लिटरमध्ये ठेवू नयेत. सोडताना वयाकडे पाहू नका, टँकमधल्या सर्वांत मोठ्या माशाच्या तोंडाकडे बघा.

एक कोडं मात्र कोणताच बॉक्स सोडवत नाही. प्लॅटी आणि स्वोर्डटेल एकत्र ठेवले असतील तर ते सर्रास संकर करतात, गप्पी आणि तिचा जवळचा नातलग एंडलरही तसेच. अशा पिल्लांवर नावाची चिठ्ठी लावू नका. नराच्या शेपटीला तलवार फुटायला काही महिने जातात, आणि संकरात ती आखूड, अर्धवट निघू शकते.