टीएलए प्लस की पी? दूध संकलनाच्या सिंकसाठी निवड

शिराळा तालुक्यातल्या दूध संस्थांसाठी आम्ही सांगलीत बसून सॉफ्टवेअर लिहितो. केंद्रावर रेंज असेलच असं नाही. लिटर-फॅटची नोंद तिथेच साठते आणि जमेल तेव्हा सर्व्हरकडे जाते. पोच हरवली की तीच नोंद पुन्हा येते, तोवर सचिवांनी लिटर दुरुस्त केलेले असतात. मग दहा दिवसांचं बिल कोणत्या आकड्यावर निघणार? कोडआधी हे डिझाइन तपासायला मी टीएलए प्लस आणि पी या दोन्ही भाषा वापरल्या; त्यांत डिझाइन लिहायचं आणि त्यातल्या चुका संगणकाकडून शोधून घ्यायच्या.

शिकायला पी सोपी, यात वाद नाही. स्टेट मशीन, इव्हेंट, सेंड... आमच्या नव्या पोरांनी फाइल उघडली आणि वाचली. टीएलए प्लसच्या गणिती चिन्हांपुढे तीच पोरं गप्प. प्लसकॅल, म्हणजे साध्या प्रोग्रॅमसारखं लिहून त्याचं टीएलए प्लस करून देणारी भाषा, तिच्यामुळे थोडं निभावलं. नावलौकिकाचं म्हणाल तर ॲमेझॉन दोन्हीकडे आहे: डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमधली, 35 पायऱ्यांनंतर उघडी पडणारी चूक टीएलए प्लसने पकडली, तर एसथ्री ही त्यांची फाइल-साठवण सेवा 2020 मध्ये स्ट्राँग कन्सिस्टन्सीकडे (लिहिलेलं लगेच सगळ्यांना दिसण्याकडे) गेली तेव्हा पी हाताशी होती.

माझं घोडं अडलं वेगळ्याच ठिकाणी. केंद्रावरचा टॅबलेट मध्येच रीस्टार्ट झाला की जुना नोंद-क्रमांक पुन्हा वापरला जायचा. पीचा नेहमीचा चेकर घटनांचे काही क्रम निवडून चालवतो, सगळे नाही. त्याला ही चूक कधी सापडायची, कधी नाही. सापडली की तोच क्रम हुबेहूब पुन्हा चालवता येतो, हे उत्तमच. पण डिझाइन सुधारल्यावर 'चूक सापडली नाही' आलं, तर त्यातून काय समजायचं? सुधारण्याआधीही तो बऱ्याचदा हेच म्हणत होता! मार्केट यार्डात मूठभर हळद बघून पोत्याचा भाव लावतात, तसं. बहुधा बरोबर निघतं, पण उत्पादकाच्या बिलाला 'बहुधा' चालत नाही.

टीएलसी, म्हणजे टीएलए प्लसचा चेकर, तीन केंद्रं, प्रत्येकी दोन नोंदी एवढ्या लहान जगातली प्रत्येक स्थिती पाहून मगच थांबतं. जग लहान आहे, मान्य. शिवाय प्लसकॅलमध्ये पायऱ्यांना लेबलं, म्हणजे नावं, देतात आणि दोन लेबलांमधलं सारं एका दमात घडतं, त्यामुळे लेबल टाकताना 'इथंच लाइट गेली तर?' हा प्रश्न चुकवता येत नाही.

टीम मोठी आणि सर्व्हिसेस बऱ्याच असतील तर पी घ्या, मी अडवणार नाही. दोघा-तिघांत एकच प्रोटोकॉल पक्का करायचा असेल तर माझा कल प्लसकॅलकडे. चौथं केंद्र घातलं की टीएलसी रेंगाळतं. केंद्रं सारखीच असतील तर सिमेट्री सेट लावा, म्हणजे केंद्रांची फक्त अदलाबदल असलेल्या स्थिती टीएलसी एकच धरतं. फक्त 'नोंद कधी ना कधी पोचतेच' ही लाइव्हनेसची अट तपासताना तो काढा, नाहीतर चूक असूनही टीएलसी गप्प राहू शकतं.